काजू म्हटलं तरी

भागीच्या तोंडून ‘काजू’ निघालं आणि पाठमोरी बसलेली पोर वळली. नुसती वळली नाही. हसली, बूड घासत जवळ आली, आईच्या मांडीवर थाप मारून ‘काय?’ अशा डोळ्यांनी बघत राहिली. ‘लाडू’ या आपल्या नावाला वळायची, अगदी तशीच. दगडाला टेकवलेल्या फोनमध्ये धारवाडच्या कानाच्या दवाखान्यातल्या सुमंगला मॅडम होत्या. त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि चित्र तिथंच थिजलं. भागीला आधी वाटलं, मॅडमना धक्का बसला. मग कळलं, रेंज गेली. घराच्या वरच्या अंगाला, रान सुरू होतं तिथं, काजूच्या झाडाखालचा हा एक खडक सोडला तर आसपास कुठंच रेंज नव्हती, आणि इथंही ती पाहुण्यासारखी यायची, बसते न बसते तोच उठायची. भागी थिजलेल्या मॅडमकडे बघत राहिली. मांडीवर पोर होती, हसरी, लाळेनं ओठ ओले, दोन्ही कानांमागं गव्हाळ रंगाची, ऐकायची मशिनं. आणि भागीच्या मनात एकच गोष्ट घोंघावत होती: मग इतके दिवस मी हाक मारत होते ती कुणाला?

मॅडमनी सांगितलं होतं साधंच. “भाग्यलक्ष्मी, आज तिच्या मागं बसा. तोंड दिसू देऊ नका. नेहमीच्या आवाजात नाव घ्या, बगू वळते काय.” भागी मागं सरकून ‘लाडू’ म्हणाली, पोर वळली, भागीचा ऊर भरून आला. पोरीला तिसरं लागलेलं. आई येत नव्हतं, पाणी येत नव्हतं, भात येत नव्हतं. पण स्वतःचं नाव कळतं, ही एवढी गोष्ट उराशी धरून भागीनं दिवाळीपासूनचे दिवस काढले होते. दिवाळीच्या सुमारास धारवाडला जाऊन मशिनं बसवून आणली, त्यानंतरचं सगळं शिक्षण फोनवर. तेही पोरीचं नव्हे. मॅडम पहिल्याच वेळी म्हणाल्या होत्या, “मी तिला शिकवणार न्हाई हं. मी तुमाला शिकवणार, तुमी तिला.” तेव्हा भागीला बरंही वाटलं होतं आणि भीतीही. आज मॅडम हसल्या, मग जरा थांबून म्हणाल्या, “छान. आता दुसरा कुठला तरी शब्द घ्या. नाव नको. शेवट तेवढा तसाच पायजे, ऊ असलेला. सहज बगू.” भागीनं वर पाहिलं. डोक्यावर पिवळी बोंडं लटकत होती. जे दिसलं ते ती बोलली.

मशीन शिट्टी वाजवू लागलं. पोर मांडीत डोकं घुसवत होती, कानात बसवायचा मशिनाचा साचा सैल झाला की ते असं वाजायचं, बारीक, सुईसारखं. भागीनं साचा दाबून बसवला. ही शिट्टी सगळ्यांना ऐकू यायची. गोठ्यातली म्हैससुद्धा कान हलवायची. फक्त जिच्या कानात ती वाजायची तिला नाही. सहा आवाज मॅडमनी भागीला शिकवले होते, रोज सकाळी मशीन घातल्यावर म्हणायचे: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की पोरीनं खडा वाटीत टाकायचा. ऊ म्हटलं की पोर हातातला खडा वाटीत टाकायची. आ ला बहुतेकदा टाकायची. श ला तिचा हात हवेतच. स ला हवेतच. हवेतल्या त्या हाताकडे बघताना भागीला बेळगावचं दुकान आठवायचं. लग्नाआधी ती खानापूरहून रोज एसटीनं बेळगावला जायची, साड्यांच्या दुकानात घड्या घालायला. रेशमी साडी गिऱ्हाइकापुढे झटकन पसरली की एक आवाज व्हायचा, श्श्श, जणू कुणीतरी श्वास आत ओढून घेतला. तो आवाज तिच्या इतका जिवाचा होता की मुलगी झाली तेव्हा नाव शोधावंच लागलं नाही. शिल्पा. घरात कुणाच्या तोंडी ते बसलं नाही, घरानं पोरीला लाडू केलं, ही गोष्ट वेगळी. पण नाव ठेवलं ते आईनं, आणि नेमकं त्या आवाजाचं, जो पोरीपासून सगळ्यांत लांब होता. भागीनं कितीदा तरी स्वतःला समजावलं होतं की हा नुसता योगायोग. तरी मान खाली घालून भांडी घासताना मध्येच तिचे हात थांबत.

फोन उचलून, पोरीला कडेवर घेऊन ती उतरू लागली. पायाखाली वाळला पाला चुरचुरत होता. तो आवाज आता एकट्या भागीचा होता. खाली अंगणातून सासूनं आवाज दिला, “कूऽऽ.” कडेवरची पोर लगेच मान वळवून त्या दिशेला बघू लागली. हा कू तरी आजपर्यंत भागीला किती गोड वाटायचा. लग्न होऊन कुंभारवाडा गावाकडच्या या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती सरपणाला गेली होती, नणंद मागं राहिली म्हणून तिला नावानं मोठ्यानं हाक मारली, तर आत्तीनं, म्हणजे सासूनं, धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला होता. रानात माणसाचं नाव घ्यायचं नसतं. रानात जे असतं ते नाव ऐकतं, शिकतं, आणि मग एखाद्या तिन्हीसांजेला तेच नाव घेऊन हाक मारतं, माणूस ओ देऊन चालू लागतं. म्हणून रानात नुसतं कू करायचं. ज्याचं त्याला कळतं. भागी तेव्हा तोंडात पदर कोंबून हसली होती. खानापूरच्या बाजारात वाढलेली पोर ती. पुढं तिलाही सवय झाली. आणि ही पोर झाल्यावर तर कू म्हणजे पोरीचा खेळच. पाळण्यात असताना आत्तीनं गोठ्यातून कू केलं की पोर पाय झाडायची. पोरीला वर्ष होऊन गेलं तेव्हा घरोघर बाळं बघत फिरणाऱ्या सरकारी आशाताईनं विचारलंही होतं, “ऐकतंय काय गं बाळ?” आत्ती म्हणाली, “न ऐकाय काय झालंय? कू म्हटलं की वळतंय बग.” आणि करून दाखवलं. पोर वळली. आशाताई हसून पुढच्या घरी गेली. आणखी वर्ष त्या एका कू वर निघून गेलं. दुसऱ्या कुठल्या गावात पोरीला नावानं हाका मारल्या असत्या, तिनं ओ दिली नसती, कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. या घरानं तिला नेमका तोच आवाज दिला जो तिला मशिनाशिवायही कळत होता. माया करण्यात कुणी कमी पडलं नव्हतं. कुणाला दोष द्यावा तर तसं कुणाचं तोंडही दिसत नव्हतं.

दुपारी आत्ती पडवीत आडवी झाली तसं भागीनं एक केलं. करू नये असं वाटत असताना केलं. पोर भिंतीकडे तोंड करून डब्याची झाकणं मांडत होती. भागी मागं उभी राहिली आणि म्हणाली, “चाकू.” पोर वळली, हसली. भागी हसली नाही. पोर पुन्हा झाकणांत रमेपर्यंत ती थांबली. “वाळू.” पोर वळली. “झाडू.” पोर वळली, या वेळी उठून आली, आईच्या गुडघ्यांना मिठी मारून वर बघू लागली. तिला वाटलं असणार, आई आज सारखी मलाच बोलावतेय. एवढा आनंद तिच्या तोंडावर की भागीला ते बघवेना. तिनं पोरीला उचललं, तिच्या गळ्याशी तोंड नेलं आणि अगदी हळू, घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तू. तू. तू.” तिथंही पोर खुदकन हसली. तोही ऊच होता.

दुसऱ्या दिवशी खडकावर गेल्यावर मॅडमचा निरोप आलेला होता, आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेला. मागं कुठंतरी मुलं रडत होती, दार आपटत होतं. त्यातून मॅडमचा आवाज. “भाग्यलक्ष्मी, वाईट वाटून घेऊ नका हं. पोर काय चुकली न्हाई. तिला ऊ ऐकायला येतंय, ती ऊ ला वळती. ऊ जाडा आवाज, ढोलासारखा. श, स बारीक. आता मशीनमधी बारीक आवाज वाढवलाय, पण ते काय हाय ते तिला शिकायला पायजे. म्हणून आजपासून घरात कुणी लाडू म्हणायचं न्हाई. कू तर बिल्कुल न्हाई. फक्त शिल्पा. लांबनं न्हाई, हाताच्या अंतरावर, जवळ बसून. भात देताना शिल्पा, आंघोळीला शिल्पा. पावसाच्या आधी तपासणीला याल तेव्हा ती शिल्पाला वळली आणि काजूला न्हाई वळली, म्हणजे मशीन पुरतंय. न्हाई वळली तर मग...” इथं मॅडम थांबल्या होत्या. “मग पुढचं बोलू. आपरेशनचं वगैरे. ते आत्ता डोक्यात घेऊ नका.” भागीनं तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. डोक्यात घेऊ नका म्हटलेलं तेवढंच डोक्यात घेऊन ती खाली आली.

“कू करायचं न्हाई?” आत्ती म्हणाली. ती सूप पाखडत होती, हात थांबला नाही. “मग पोर घरला कसं येनार? चिठ्ठी धाडू काय?”

“जवळ जाऊन नाव घ्यायचं, आत्ती. मॅडम म्हणाल्या.”

“तुझ्या मॅडमला काय जातंय म्हनायला. तिच्या धारवाडात वाघ हाय काय? व्हाळ हाय काय दारात? माजी ही गुडघी. पोराच्या मागनं पळू व्हय मी?”

“आत्ती, तिला नाव कळत न्हाई.”

“कळंल की. नाव न्हाई घेतलं म्हनून मानूस मरत न्हाई.” आत्तीनं सूप खाली ठेवलं. “माजं नाव काय, सांग बगू.”

भागीला पटकन आठवेना. लग्नात कुणीतरी घेतलं होतं.

“पुतळी,” आत्ती म्हणाली. “माजं म्हायेर सुप्याच्या धरनाच्या पान्याखाली गेलं. गाव उठलं, मानसं पांगली, हाक मारनारं कोन उरलंच न्हाई. हितं मी सून झालो, मग परशूची आई झालो, मग आत्ती. जगलो का न्हाई?” मग सूप पुन्हा उचलत म्हणाली, “शिलपा व्हय? शि-ल-पा. जिभेला काटा लागल्यागत होतंय.”

पण दुसऱ्या दिवसापासून आत्ती कू करायची थांबली. भागीनं बघितलं होतं, अंगणात उभी राहून आत्ती तोंड उघडायची, छाती भरून घ्यायची, आणि मग तोंड मिटून गुडघ्यांवर हात टेकत पोरीपर्यंत चालत जायची. वाकून म्हणायची, “शिलपी, ए शिलपी, ये गं.” पोर तिच्या तोंडाकडे बघायची. आपल्या आजीचं काय बिघडलंय ते तिला समजत नसे. ती आजीच्या ओठांवर बोट ठेवून बघायची, हा नेहमीचा गोल का होत नाही म्हणून. रामनगरला लाकडाच्या वखारीत कामाला असलेला भागीचा नवरा परशुराम रविवारी आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एवडंच ना? मग नाव काजूच ठिवू. कारवारकडं खपंल.” भागीही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं, तेव्हा तो घाबरून पोरीला घेऊन बाहेर गेला. बाहेरून त्याचा आवाज येत राहिला, “शिल्पा. शिल्पा. हिकडं बग, शिल्पा.” मोठ्यानं, मग हळू, मग विनवणीनं, मग नुसताच.

दिवस असेच जात होते. भागी भात कालवताना म्हणायची, शिल्पा. केस विंचरताना, शिल्पा. साबणाचा फेस पोरीच्या पाठीवर पसरताना, शिल्पा, शिल्पा. सुरुवातीला त्या नावात रेशीम होतं. म्हणता म्हणता ते विरलं, मग आवाज राहिला, मग आवाजही परका वाटू लागला, जसा कुठलाही शब्द फार वेळ तोंडात ठेवला की होतो. एकदा पोरीला आंघोळ घालून झाल्यावर ती स्वतः घराखालच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात उतरली, ज्या डोहात बायका धुणं धुतात तिथं, आणि नाक धरून पाण्याखाली गेली. काठावर आत्ती बडबडत होती. खालून ऐकताना आत्तीचा शब्द एकही नव्हता, नुसता एक जाडसर ऊऊ पाण्यातून येत होता. हे असं असेल? असंच कायम? ती छाती फुटेपर्यंत खाली राहिली. वर आली तेव्हा आत्ती म्हणत होती, “येड लागलंय काय गं तुला, केस वाळायचं न्हाईत सांजपतोर.” किती तरी शब्द होते त्या एका वाक्यात. भागीला ते सगळे एकदम, धारदार, नको इतके स्पष्ट ऐकू आले. तिला पोरीशी बेइमानी केल्यासारखं वाटलं.

कधी कधी पोर वळायची. शिल्पा म्हटल्यावर. मग ध्यानात यायचं की खिडकीतून सावली हलली होती, किंवा आपला श्वास तिच्या मानेला लागला होता. मॅडम फोनवर विचारायच्या, “खरं वळली की तुमाला वाटलं?” भागी खरं सांगायची. मॅडम म्हणायच्या, “सरी, सरी. बरं. करत ऱ्हावा.” आणि चित्र थिजायचं. आता त्या थिजलेल्या चेहऱ्याला भागी मनातलं बोलायला शिकली होती. मॅडम, ऊ काढून घेतला तुम्ही, त्याबदली अजून काही आलेलं नाही. पहिल्यांदा ती निदान झाडूला तरी वळत होती. आता हाक मारली की वळायचं असतं हेच ती विसरेल काय? मॅडमचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानं ऐकून घ्यायचा.

त्या दिवशी संध्याकाळी ती वरच्या अंगाला गोठ्यात अंथरायचा पाला गोळा करत होती. भारा बांधून डोक्यावर चढवला आणि वळली तर खाली पोर दिसली. अंगणात आत्तीपाशी ठेवलेली पोर. रेडकू सुटलं होतं, ते पायवाटेनं व्हाळाच्या बाजूला चाललं होतं आणि त्याच्या शेपटीमागं पोर, एक हात पुढं केलेला, ठुमकत, मजेत. वाट जिथं तुटते आणि खाली दगड सुरू होतात तिथवर आता थोडंच राहिलं होतं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं, खाली काळसर होत चाललं होतं. भागीनं भारा टाकला आणि धावली. धावताना तिला कळत होतं की आपण पोचणार नाही. तोंडात ऊ आला होता. नुसता ओठांचा गोल करायचा होता. पण इतक्या दिवसांनी ते ओठ दुसऱ्याच शब्दाला वळले होते, की तिनंच वळवले, तिचं तिला पुढंही सांगता आलं नाही. आजचा हा एक ऊ दिला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, एवढं काहीतरी तिच्या डोक्यातून जाऊन गेलं असेल. की तिला बघायचंच होतं? ती जिवाच्या आकांतानं ओरडली, “शिल्पाऽऽ!”

नाव रानभर गेलं. झाडांवरची वटवाघळं हलली. रेडकू थांबलं, कान टवकारून वळलं. पलीकडच्या डोंगरानं ते नाव एकदा म्हणून पाहिलं, पहिलं अक्षर वगळून, अडखळत. पोर चालत राहिली. दोन्ही कानांमागची मशिनं सांजेच्या उजेडात चमकत होती. भागीनं पुन्हा तोंड उघडलं तर आवाजच निघेना.

“कूऽऽऽ!”

अंगणातून आला तो. खांबाला धरून उभ्या राहिलेल्या आत्तीच्या छातीतून, इतक्या दिवसांचा साठवलेला. पोर जागच्या जागी थबकली. मागं वळली. तिच्या तोंडावर जे उमटलं ते भागीनं धावता धावता पाहिलं. हरवलेलं काहीतरी सापडावं तसं पोर हसली, आणि दोन्ही हात वर करून अंगणाकडे, आजीकडे पळत सुटली. आईच्या बाजूनं जाताना तिनं आईकडे बघितलंही नाही. तिला माहीतच नव्हतं की आई तिथं आहे.

भागी वाटेवरच बसली. वर अंगणात आत्ती पोरीला पोटाशी धरून मटकन बसली होती, पोर तिच्या तोंडावर बोटं फिरवत होती, गोल झालेल्या ओठांभोवती, पुन्हा कर म्हणून. थोड्या वेळानं भागी उठून वर आली. ओट्याच्या कडेला टेकली. पोरीनं आता आईला बघितलं, हात पुढं केले. भागीनं तिला घेतलं. काजूच्या बोंडाचा आंबूस वास तिच्या फ्रॉकला येत होता. मशीन तिच्या खांद्यावर दाबलं गेलं आणि बारीक शिट्टी वाजू लागली. कुणी ती थांबवली नाही.

आत्ती रानाकडे बघत होती. तिथं आता झाडं वेगवेगळी दिसत नव्हती.

“तिन्हीसांजंला रानात नाव घेतलीस,” ती हळू म्हणाली. रागानं नाही, भिऊन. “कुनाचं घेतलीस गं?”

भागीनं पोरीच्या केसांत तोंड लपवलं.

“कुणाचं न्हाई, आत्ती.”